गव्हाच्या बिअरची तुलना: प्रकल्प नोंदी, पुणे, एप्रिल ते जून २०२४

६ एप्रिल २०२४

प्रश्न असा ठरला: पुण्यात टॅपवर (ब्रुअरीच्या नळावर) आणि दुकानात मिळणाऱ्या गव्हाच्या बिअरमध्ये जो फरक जाणवतो, त्यातला किती ब्रुअरीचा आणि किती बाटलीच्या वयाचा, तापमानाचा, ओतण्याचा? हे वेगळं काढल्याशिवाय ‘ही चांगली, ती वाईट’ म्हणण्यात अर्थ नाही.

नमुने दोन गटांत, आणि दोन्ही गट एकाच तक्त्यावर येणार नाहीत. पहिला गट बव्हेरियन हेफेवाइझेनचा. यात धान्यापैकी निम्मा तरी गव्हाचा मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) असतो, मसाला काहीही नसतो; केळं आणि लवंग दोन्ही यीस्टकडून येतात. दुसरा गट बेल्जियन विटबिअरचा. यात मॉल्ट न केलेला कच्चा गहू निम्म्याच्या आसपास असतो आणि धने व संत्र्याची साल उकळताना घातलेली असते. विटबिअरला ‘लवंग कमी’ म्हणून गुण कापणं किंवा हेफेवाइझेनमध्ये लिंबूवर्गी ताजेपणा शोधणं चूक आहे. दोन्हींत कडवटपणा मुद्दाम कमी ठेवलेला असतो. हेफेवाइझेनला ८ ते १५ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक), विटला ८ ते २०. त्यामुळे दोष लपवायला हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) आडोसा मिळत नाही.

संदर्भ नमुने: हेफेवाइझेनसाठी वाइनश्टेफानर (५.४ टक्के) आणि एर्डिंगर (५.३ टक्के), विटसाठी हूगार्डन (४.९ टक्के). स्थानिक नमुने टॅप-१ ते टॅप-३ आणि कॅन-१, कॅन-२ अशा नावांनी. टॅप-१ व टॅप-२ हेफेवाइझेन, बाकीचे तिन्ही विट. बॅच बदलली की स्थानिक टॅपची चव बदलते, म्हणून एका बॅचवरून ब्रुअरीवर शिक्का मारायचा नाही. चाखणारे बारा, सगळे परवानाधारक. स्वतः बिअर गाळणं या प्रकल्पात नाही. परवान्याशिवाय ते करता येत नाही.

१० एप्रिल

खरेदी. प्रत्येक बाटलीवरची भरल्याची तारीख, मुदत, बॅच क्रमांक आणि दुकानात ती कुठे ठेवली होती (फ्रिज की उघडं फडताळ), चारही गोष्टी वहीत. उघड्या फडताळावरची, ट्यूबलाइटखालची बाटली घ्यायची नाही, मग सूट कितीही असो.

बाटल्या फ्रिजमध्ये ४ अंशांवर, उभ्या, किमान ४८ तास. आडव्या ठेवल्या तर यीस्टचा गाळ बाजूला चिकटतो आणि ओतताना केव्हाही सुटतो. मग पहिल्या ग्लासात किती गाळ गेला आणि शेवटच्यात किती, हे सांगता येत नाही.

टॅपची बिअर एक लिटरच्या गडद काचेच्या ग्राऊलरमध्ये (घरी न्यायच्या झाकणाच्या बाटलीत). भरायच्या आधी आत कार्बन डायऑक्साइड सोडायला सांगायचा, नळी तळापर्यंत घालायची आणि फेस तोंडाशी येऊन बाहेर पडला की त्यावरच झाकण लावायचं. वर चार बोटं हवा राहिली तर दुसऱ्या दिवशी बिअर मंदावलेली लागते. ग्राऊलर बर्फाच्या पेटीतूनच आणायचा आणि २४ तासांत संपवायचा. एप्रिलच्या दुपारी बंद गाडीत राहिलेला ग्राऊलर बाद.

१३ एप्रिल

जीभ आणि नाक एका पट्टीवर आणण्याचं सत्र. आधार म्हणून साधी, हलकी लागर (नेहमीची पिवळी, गाळलेली बिअर) घेतली. तिच्यात एकेक वास मुद्दाम मिसळून सगळ्यांना दिला.

केळ्याचा वास: आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, खाद्य दर्जाचं. ०.१ मिली (सुमारे ८७ मिलिग्रॅम) १०० मिली व्होडकात विरघळवून ठेवलं. त्यातलं १ मिली ३३० मिली बिअरमध्ये घातलं की लिटरला साधारण २.६ मिलिग्रॅम वाढतं. माणसाला हा वास लिटरमागे १.२ मिलिग्रॅमच्या आसपास कळू लागतो, म्हणजे हे दुप्पट झालं. बाजारातलं केळ्याचं इसेन्स वापरू नये. त्यात मूळ द्रव्य किती आहे ते लिहिलेलं नसतं आणि सोबत व्हॅनिला वगैरे असतं.

लवंगेचा वास: बिअरमधलं द्रव्य ४-व्हिनाइल ग्वायाकॉल, जाणवण्याची मर्यादा लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास. ते शुद्ध स्वरूपात सहज मिळत नाही, म्हणून लवंगा व्होडकात भिजवून तो अर्क थेंबाथेंबाने घातला. लवंगेतलं द्रव्य वेगळं (युजेनॉल), पण दिशा कळायला पुरेसं. खरी बिअर लवंगेसोबत किंचित धुरकट आणि मिरीकडे झुकणारी असते, हे वाइनश्टेफानर शेजारी ठेवून दाखवलं.

उन्हाचा दोष: तीच लागर पारदर्शक ग्लासात २० मिनिटं गच्चीवर. वास इतका बदलतो की पुन्हा शिकवावं लागत नाही. हॉप्समधली कडू द्रव्यं प्रकाशात तुटतात आणि स्कंक या प्राण्यासारखा उग्र गंधकी वास तयार होतो. तपकिरी काच बराच प्रकाश अडवते, हिरवी फार कमी, पारदर्शक जवळजवळ नाहीच.

लोण्याचा वास (डायअ‍ॅसिटिल) आणि उकडलेल्या मक्याचा वास (डीएमएस) तोंडी समजावले. या दोन्हींवर बाराजणांचं एकमत व्हायला वेळ लागतो. काहींना डायअ‍ॅसिटिल वासात कळतच नाही, फक्त जिभेवर बुळबुळीत लागतं. अशांनी ‘दोष’ रकान्यात वास नाही, स्पर्श लिहावा.

सत्राचे नियम: अत्तर, उदबत्ती नाही. शेजारच्या स्वयंपाकघरात फोडणी नाही. तोंड साफ करायला साधा पाव, बिनमिठाचे चुरमुरे, साध्या तापमानाचं पाणी. फरसाण आणि खारे शेंगदाणे टेबलावर येऊ द्यायचे नाहीत: ओठांवरचं तेल फेसाला लागलं की फेस डोळ्यांदेखत बसतो, आणि गव्हाच्या बिअरमध्ये फेस हा मोजायचा गुण आहे.

२० एप्रिल

ओतण्याची चाचणी. प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची, म्हणून मांडणी पूर्ण लिहून ठेवतो.

त्रिकोणी चाचणी: प्रत्येकासमोर तीन मग, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. सहा क्रम शक्य आहेत (ककख, कखक, खकक, खखक, खकख, कखख). बाराजण असले की प्रत्येक क्रम बरोबर दोनदा येतो आणि दोन्ही बाजूंचे अठरा अठरा नमुने लागतात. ६० मिलीचा नमुना धरला तर एका बाजूला १,०८० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या. बारापैकी आठ बरोबर आले तर फरक खरा मानायचा; सात आले तर तो योगायोग असण्याची शक्यता पाच टक्क्यांहून जास्त राहते, म्हणून सात पुरत नाहीत.

दोन्ही बाजूंना तीच बिअर, तोच बॅच क्रमांक: वाइनश्टेफानर. ‘क’ बाजूच्या बाटल्या सावकाश तिरक्या करून ओतल्या आणि तळाचं ५० मिली बाटलीतच ठेवलं. ‘ख’ बाजूच्या बाटल्या टेबलावर आडव्या लोळवून गाळ पूर्ण मिसळला आणि संपूर्ण ओतल्या. दोन्ही आधी थंड, ओल्या जगमध्ये, मग मगांत, म्हणजे वायू दोन्हीकडे सारखाच कमी होतो. मग घेतले ते गडद सिरॅमिकचे, कारण गढूळपणा दिसला तर चाचणी तिथेच संपली. स्टीलचे पेले टाळले. ओठाला धातू लागतो.

निकाल: बारापैकी अकरा बरोबर. गाळासह ओतलेल्या बाजूला भरीवपणा जास्त, लवंग दबलेली, मागे पावाच्या पिठाचा वास आणि किंचित तुरटपणा. गाळाशिवायच्या बाजूला केळं पुढे, शेवट स्वच्छ.

त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरी त्रिकोणी चाचणी: वाइनश्टेफानर विरुद्ध एर्डिंगर, दोन्ही गाळ न हलवता. बारापैकी आठ. म्हणजे फरक आहे, पण काठावर. दोन वेगळ्या ब्रुअरींमधलं अंतर एकाच बिअरच्या दोन ओतण्यांमधल्या अंतरापेक्षा कमी भरलं. कुणी एक बाटली गाळासह आणि दुसरी गाळाशिवाय पिऊन तुलना लिहिली असेल, तर त्याने मनगटांची तुलना केली आहे.

यापुढची पद्धत एकच: तीन चतुर्थांश बाटली हळू ओतायची, उरलेली गोल फिरवून गाळ उठवायचा, मग तो फेसासह वर. हेफेवाइझेन ज्या रूपात प्यायची असते ते हेच रूप. ‘हेफे’ म्हणजे यीस्ट, ते बाटलीत टाकून द्यायचं नसतं. विटबिअरही याच पद्धतीने.

२७ एप्रिल

हेफेवाइझेनचं मुख्य सत्र. चार नमुने, तीन आकडी यादृच्छिक क्रमांक, ८० मिली, ८ अंशांवर. रकाने: केळं, लवंग, पाव-धान्य, आंबटपणा, कडवटपणा, भरीवपणा, फेस, दोष, ० ते ५. एकूण बेरीज करायची नाही. बेरजेत केळ्याचे पाच आणि फेसाचा शून्य एकमेकांना भरून काढतात आणि बिअरचं चित्र पुसलं जातं.

वाइनश्टेफानर: केळं आणि लवंग जवळजवळ बरोबरीने, भरीव, शेवटी गोडसर पण चिकट नाही. एर्डिंगर: दोन्ही वास सौम्य, धान्य स्वच्छ, सगळ्यात हलकी. पहिल्यांदा पिणाऱ्याला हीच आवडेल. यीस्टचं काम बघायचं असेल तर ही निवडू नये.

टॅप-१: केळं भरपूर, पिकलेलं, लवंग जवळजवळ नाही. ब्रुअरीत विचारल्यावर कारण कळलं: धान्य थेट ६६ अंशांच्या पाण्यात, एकाच पायरीत. लवंगेचं द्रव्य यीस्ट फेरुलिक आम्लापासून बनवतं, आणि ते आम्ल धान्यातून मोकळं व्हायला ४३ ते ४५ अंशांवर १५-२० मिनिटांची पायरी लागते. ती वगळली की यीस्टला कच्चा मालच कमी मिळतो. गहू वाढवून हे भरून निघत नाही. उलट विरघळणारं फेरुलिक आम्ल जवाच्या मॉल्टमधून अधिक सुटतं, म्हणून सत्तर टक्के गव्हाची बिअर पन्नास टक्केवालीपेक्षा लवंगेत फिकी निघू शकते.

केळ्याचं गणित वेगळं. यीस्ट कमी घातलं, आंबवणं गरम झालं, टाकी उथळ आणि उघडी असली की केळं वाढतं. उंच बंद टाकीत तळाला दाब जास्त, तिथे दबतं. बव्हेरियात एक जुना ठोकताळा आहे: यीस्ट घालतानाचं तापमान आणि आंबवण्याचं तापमान यांची बेरीज ३० यावी, जसं १२ ला घालून १८ ला आंबवणं. पुण्याच्या उन्हाळ्यात नळाच्या पाण्यावर थंड करून वर्ट (अजून न आंबवलेला धान्याचा गोड काढा) १२ अंशांवर येणार नाही. चिलरचं पाणी कमी पडलं की स्थानिक हेफेवाइझेन केळ्याकडे झुकण्याचं एक सरळ कारण हे असतं.

टॅप-२: लोण्याचा वास, मागे हलका आंबूस. बाराजणांपैकी बहुतेकांनी दोष ४ वर टाकला. नमुना तुलनेतून बाहेर. कारण शोधायचं आहे.

आज वाइनश्टेफानरच्या एकाच बॅचच्या सहा बाटल्या बाजूला काढल्या. तीन फ्रिजमध्ये ४ अंशांवर, तीन माळ्यावर, अंधारात, शेजारी थर्मामीटर.

४ मे

तापमान आणि फेस.

तीच बिअर ४, ८ आणि १२ अंशांवर. ४ वर वास जवळजवळ बंद, फक्त वायूची टोचणी. ८ वर केळं उघडतं. १२ वर लवंग आणि धान्य पूर्ण दिसतं, पण काही दोष असेल तर तोही इथेच उघडा पडतो. म्हणून पिण्यासाठी ७-८, परीक्षणासाठी ८ वर सुरुवात आणि त्याच ग्लासाची १२ वर दुसरी नोंद. खोली ३१ अंश असल्याने ८० मिलीचा नमुना पटकन चढतो. नमुने एकदम ओतून ठेवू नयेत.

फेस: हेफेवाइझेनमध्ये एक लिटर बिअरमागे साडेतीन ते साडेचार लिटर वायू विरघळलेला असतो, साध्या लागरमध्ये अडीचच्या आसपास. ग्राऊलरमध्ये त्यातला बराच जातो, म्हणून टॅपच्या बिअरचा फेस बाटलीशी तुलना करून मोजणं अन्याय आहे. टॅपचा फेस तिथेच, टॅपखाली मोजायचा: उंच अर्ध्या लिटरचा ग्लास थंड पाण्याने विसळून, तिरका धरून भरायचा, आणि फेस निम्म्यावर यायला किती वेळ लागतो ते घड्याळावर. ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास तेलकट आहे, तो बदलून घ्यावा. भांड्यांच्या साबणाने धुतलेले ग्लास तीनदा साध्या पाण्याने विसळून उपडे वाळवायचे, फडक्याने पुसायचे नाहीत.

हायड्रोमीटरवर घनता बघताना बिअरमधला वायू आधी कॉफीच्या गाळणीतून गाळून घालवायचा आणि नमुना २० अंशांवर आणायचा. ३० अंशांवर वाचलेला आकडा ०.००२५ ने कमी दिसतो, आणि तेवढ्यावर ‘किती कोरडी आंबवली’ याचा अंदाज चुकतो.

११ मे

पुण्यात १३ तारखेला मतदान. आज संध्याकाळपासून मद्यविक्री बंद. सत्र नाही, वह्या जुळवल्या.

तक्त्याच्या माथ्यावर दोन ओळी इतिहासाच्या घातल्या, कारण ‘बव्हेरियात शुद्धतेचा कायदा होता, मग गहू कसा?’ हा प्रश्न दर सत्रात येतो. १५१६ च्या फर्मानात जव, हॉप्स आणि पाणी होतं, गहू नव्हता. गव्हाची बिअर गाळण्याचा हक्क डेगेनबर्ग घराण्याकडे होता. १६०२ मध्ये त्या घराण्याचा वंश संपल्यावर तो ड्यूक माक्सिमिलियन पहिला याच्याकडे आला आणि राजघराण्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग झाला. १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडर यांनी हा हक्क खासगी ब्रुअर म्हणून मिळवला, तोवर ही बिअर लोकांच्या आवडीतून उतरली होती. विटबिअरची गोष्ट याहून बिकट: हूगार्डन गावातली शेवटची ब्रुअरी १९५७ मध्ये बंद झाली आणि पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये ती बिअर पुन्हा उभी केली. आज जगभर जी विट मिळते, पुण्यातल्या टॅपवरचीसुद्धा, तिचा वंश तिथूनच निघतो.

१८ मे

विटबिअरचं सत्र: हूगार्डन, कॅन-१, कॅन-२, टॅप-३.

हूगार्डन: धने आणि साल दोन्ही आहेत पण वेगवेगळे ओळखू येत नाहीत, एकत्र लिंबूवर्गी वास. तोंडात दुधाळ मऊपणा, शेवटी हलका आंबटपणा. कच्च्या गव्हाची ही खूण आहे: प्रथिनं आणि पिष्टाचा धूसरपणा, जिभेवर रेशमी थर. कॅन-१: साल पुढे, गोड सरबताकडे झुकलेली, यीस्ट जवळजवळ मुकं. कॅन-२: चांगला तोल, आणि तारीख सगळ्यात ताजी.

टॅप-३: वासात कोथिंबिरीचे देठ, सेलरी, उकडलेल्या मांसाची झाक. आठजणांनी स्वतंत्रपणे ‘भाजी’ लिहिलं. हा यीस्टचा दोष नाही, धन्यांचा आहे.

१९ मे

धन्यांची बाजूची चाचणी. २ ग्रॅम धने भरड कुटून १०० मिली, ९० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं झाकून ठेवले, गाळले, त्यातलं ५ मिली ३३० मिली लागरमध्ये.

आपले लांबट, मोठ्या दाण्याचे धने आणि युरोपी ब्रुअर वापरतात ते लहान, गोल दाण्याचे धने वेगळे आहेत. लांबट धन्यात सुगंधी तेल ०.१ ते ०.३५ टक्के, लहान गोल धन्यात ०.८ ते १.८ टक्के. युरोपी कृतीतलं वजन तसंच घेतलं तर वास पुरत नाही. मग ब्रुअर धने वाढवतो, आणि तेलाबरोबर सालपटाचा भाजीवास व तुरटपणाही वाढतो. २ ग्रॅमच्या जागी ६ ग्रॅम लांबट धने घेऊन काढा केला तेव्हा टॅप-३ मधला देठाचा वास हुबेहूब समोर आला. मसाल्याच्या डब्यातल्या जुन्या धन्यांनी तर २ ग्रॅमलाच तो दिला. उपाय: ताजे, लहान दाण्याचे धने निवडून घेणं, मिक्सरमध्ये पूड न करता खलबत्त्यात एका धन्याचे दोन-तीन तुकडे होतील एवढंच कुटणं, आणि उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घालणं. २० लिटरला १५ ते ३० ग्रॅम हे नेहमीचं माप आहे; लांबट धन्यांनाही ३० च्या पुढे जाऊ नये.

साल: नागपुरी संत्र्याची साल गोड आणि तेजाळ वासाची, बेल्जियममध्ये वापरतात त्या कडू कुरासाव सालीसारखी कोरडी नाही. पांढरा गर खरवडून काढलेली ताजी साल उत्तम. गरासकट घातली की कडवटपणा बिअर गिळल्यावर मागून येतो. आम्हाला नागपुरी साल विटमध्ये आवडली. ती हूगार्डनची नक्कल होत नाही, आणि व्हायची गरज नाही.

२५ मे

माळ्यावरच्या बाटल्यांचा निकाल. चार आठवडे, थर्मामीटरवर ३३ ते ३९ अंश. दोन दिवस आधी सगळ्या फ्रिजमध्ये, मग त्रिकोणी चाचणी. बारापैकी दहा बरोबर.

फ्रिजमधली बिअर एप्रिलसारखीच. माळ्यावरची: केळं निम्म्याहून खाली, लवंगेच्या जागी व्हॅनिलाकडे झुकणारा मऊ गोडवा, मागे ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि गाळातून सोया सॉससारखी खारट झाक. चारही गोष्टींची कारणं वेगळी आहेत. केळ्याचं एस्टर (तेच वासाचं द्रव्य) उष्णतेत तुटतं आणि मरत्या यीस्टमधली एन्झाइमं त्याला मदत करतात. लवंगेचं द्रव्य हळूहळू बदलतं. पुठ्ठा म्हणजे जुनेपणा. सोया सॉस म्हणजे यीस्टच्या पेशी फुटून आतला ऐवज बाहेर आला. गाळ असलेल्या बिअरला गाळलेल्या लागरपेक्षा उष्णता जास्त बाधते ती या शेवटच्या कारणाने.

आयात बाटलीबद्दल ‘जर्मनीतली चव इथे येत नाही’ असं म्हणतात, त्यामागे बहुधा एक गरम गोदाम असतं. दुकानात विचारायचा प्रश्न ब्रँडचा नाही. माल कधी आला आणि तेव्हापासून कुठे ठेवला, हा आहे.

८ जून

टॅप-२ पुन्हा. त्याच टाकीतली बिअर दोन वेगवेगळ्या नळांतून, आणि पहिल्या नळाचा उघडल्यानंतरचा पहिला ग्लास व लिटरभर सोडून दिल्यानंतरचा ग्लास. पहिल्या ग्लासात लोणी आणि आंबूसपणा ठळक, नंतरच्यात हलका, दुसऱ्या नळावर अजिबात नाही. आंबवताना राहिलेलं डायअ‍ॅसिटिल असतं तर ते तिन्ही ग्लासांत सारखं असतं आणि आंबूसपणा सोबत नसता. म्हणजे नळीत जिवाणू बसले होते. नळी दर दोन आठवड्यांनी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुवावी लागते आणि नळाचं तोंड सुटं करून घासावं लागतं, नुसतं पाणी सोडून भागत नाही. दुसऱ्या नळावरची बिअर चाखून टॅप-२ ची नोंद नव्याने केली: केळं ३, लवंग ३, फेस ४, दोष ०. सगळ्या स्थानिक हेफेवाइझेनमध्ये हीच आम्हाला उजवी वाटली.

तक्ता बंद करताना क्रम लावला तो असा. हेफेवाइझेन: ताजी वाइनश्टेफानर, टॅप-२ चा दुसरा नळ, टॅप-१, एर्डिंगर. विट: हूगार्डन आणि कॅन-२ बरोबरीने, मग कॅन-१; टॅप-३ नवे धने घातलेली बॅच आल्यावर. वाइनश्टेफानरची माळ्यावरची बाटली याच रांगेत ठेवून पाहिली, ती एर्डिंगरच्याही खाली गेली.

वाइझेनबॉक, म्हणजे गव्हाचीच जास्त कडक बिअर, पुढच्या फेरीत घेऊ. ६.५ ते ९ टक्के मद्यार्क असल्याने एका सत्रात दोनच नमुने, ५० मिलीचे, आणि १२ अंशांवर.